जुने कोड्यांचे गेम आज खेळावेत का? आधी उत्तर कुठे दडलंय ते बघा

प्रश्न असा आहे : १९८४ ते २००० या काळातले, कोडी सोडवत पुढे सरकायचे साहसी गेम, म्हणजे मिस्ट, मंकी आयलंड, किंग्ज क्वेस्ट या जातीचे, आज पहिल्यांदाच हातात घेण्यात काही अर्थ आहे का? लॅपटॉप साधा आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. आठवड्याला चार-पाच तास मिळतात आणि अकरा वर्षांची मुलगीही सोबत बसणार आहे.

अर्थ आहे, पण निवडून खेळलात तर. नुसतं गेमचं नाव निवडून भागत नाही, त्याची आवृत्तीही निवडावी लागते.

हे गेम शिळे वाटतात ते चित्रांमुळे नव्हे. ३२० बाय २०० पिक्सेलची चित्रं पंधरा-वीस मिनिटांत डोळ्यांच्या सवयीची होतात. शिळी होतात ती कोडी, आणि ती तपासायला एक कसोटी पुरते. कोड्याचं उत्तर गेमच्या आत आहे की बाहेर? आत म्हणजे एखादी वस्तू, एखाद्या पात्राचं बोलणं, भिंतीवरची खूण, आधीच्या खोलीत ऐकलेला आवाज. ते सगळं जोडलं की उत्तर निघायलाच हवं. बाहेर म्हणजे अमेरिकी बोलीतला श्लेष, एखादी युरोपीय परीकथा, छापील पुस्तिकेतलं पान किंवा कोडं रचणाऱ्याच्या डोक्यातली लहर. पहिल्या प्रकारचं कोडं तीस वर्षांनीही ताजं राहतं. दुसऱ्या प्रकारचं तेव्हाही अन्यायाचं होतं. फक्त तेव्हा लोकांकडे दुसरा गेम नसायचा, म्हणून ते महिनाभर अडून बसत.

आतल्या उत्तराचा नमुना म्हणजे लुकासआर्ट्सचा १९९३चा डे ऑफ द टेंटकल. एकच वाडा, तीन काळ : आज, दोनशे वर्षांपूर्वी आणि दोनशे वर्षांनंतर. प्रत्येक काळात एक मित्र अडकलेला, आणि छोट्या वस्तू एका शौचकूपवजा यंत्रातून एकमेकांना पाठवता येतात. भूतकाळातल्या मुलाला व्हिनेगर हवं आहे. त्याला वाइनची बाटली मिळते आणि तिथेच, पुढच्या पिढ्यांसाठी वस्तू पुरून ठेवायची एक पेटीही भरली जात असते. बाटली पेटीत टाकली की चारशे वर्षांनी तिचं व्हिनेगर झालेलं असतं, आणि भविष्यातली मुलगी ते काढून त्याला परत पाठवते. (एवढं एक कोडं फोडलं, बाकीची तुमच्यासाठी राखून.) वाइन आंबते, पेटी तिथेच राहते आणि वेळ जातो, या तिन्ही गोष्टी गेमनं डोळ्यांदेखत मांडलेल्या असतात. सुचलं की ‘अरे, हे तर समोरच होतं’ असं होतं. यातही अमेरिकी इतिहासाचे विनोद आहेत. जॉर्ज वॉशिंग्टननं लहानपणी चेरीचं झाड तोडल्याची दंतकथा एका कोड्यात लागते. पण त्या पात्राशी नीट गप्पा मारल्या की झाडं तोडण्याचा विषय निघतो, त्यामुळे दंतकथा ठाऊक नसली तरी वाट सापडते. बाहेरचं ज्ञान वापरायचं असेल तर ते असं, बोट धरून आत आणावं लागतं.

आता उलट नमुना, त्याच कंपनीचा. मंकी आयलंड २ हा १९९१चा गेम. एका बेटावर धबधब्याचा पंप बंद करायचा असतो आणि त्याला पाना लागतो. पाना म्हणजे काय, तर दुसऱ्या बेटावरच्या गुत्त्यात पियानो वाजवणारं माकड. त्याला केळं दाखवून संमोहित करायचं, उचलून झोळीत टाकायचं आणि पंपाला लावायचं. कारण? अमेरिकी इंग्रजीत एका प्रकारच्या पान्याला ‘मंकी रेंच’ म्हणतात. आपल्या गॅरेजात पान्याला पानाच म्हणतात. ‘स्पॅनर’ म्हणणाऱ्या ब्रिटिशालाही ही सांगड सुचणं कठीण. गेम उत्तम आहे, तरी या ठिकाणी स्वतःला दोष न देता सरळ उत्तर पाहावं. इथे डोकं कमी पडलेलं नसतं, अमेरिकेतली बोली माहीत नसते एवढंच.

सिएरा कंपनीचा पहिला किंग्ज क्वेस्ट (१९८४, रचना रोबर्टा विल्यम्स यांची) याच कारणासाठी कुप्रसिद्ध आहे. एका बुटक्याचं नाव ओळखायचं असतं. तो रम्पलस्टिल्टस्किन, म्हणजे जर्मन परीकथेतला. ती कथा ठाऊक असली तरी भागत नाही. जादूगारणीच्या घरात चिठ्ठी मिळते, ‘कधीकधी उलटा विचार करणं शहाणपणाचं असतं’ अशा अर्थाची. मग खेळणारा नाव शेवटच्या अक्षरापासून लिहितो आणि तेही चूक ठरतं. उलटं करायचं असतं ते नाव नव्हे, अख्खी इंग्रजी वर्णमाला : ए ऐवजी झेड, बी ऐवजी वाय. कंपनीला हे उमगलं असावं, कारण १९९०च्या सुधारित आवृत्तीत साधं उलटं लिहिलेलं नाव चालतं. मूळ गेममध्येही एक दिलासा आहे. तीनदा चुकलात तर बुटका वैतागून किल्ली देतो आणि पुढे जायचा दुसरा रस्ता उघडतो, फक्त गुण कमी मिळतात.

दोन्ही टोकं एकाच गेममध्ये पाहायची असतील तर गॅब्रिएल नाइट ३ (१९९९) आहे. त्यात भाड्यानं मोपेड मिळवायला नायक मित्राचं सोंग घेतो. त्यासाठी शेडच्या दारातल्या भोकाला चिकटपट्टी लावायची, तिथून मांजर पळवायचं, चिकटलेल्या केसांना पाकिटातला मेपल सिरप लावून मिशी बनवायची. गंमत म्हणजे त्या मित्राला मिशीच नाही. म्हणून त्याच्या पासपोर्टवरच्या फोटोलाही पेननं मिशी काढायची! आणि याच गेममध्ये पुढे राशींच्या नावांची कडवी असलेली एक कविता येते. तिच्या ओळी वाचत दक्षिण फ्रान्समधल्या रेन-ल-शातो परिसराच्या नकाशावर बिंदू, वर्तुळं आणि रेषा आखायच्या. ते कोडं या सगळ्या प्रकारातल्या सर्वोत्तम कोड्यांत मोडतं. मिशीचं कोडं उत्तर बघून पार करा, कवितेच्या वेळी मात्र कुणालाही काही विचारू नका.

दुसरा दोष कसोटीत बसत नाही पण वेळ जास्त खातो. तो म्हणजे मुकी अडचण : गेम चालू आहे, तुम्ही फिरताय, पण तीन तासांपूर्वी एक वस्तू सुटल्यामुळे तो आता जिंकताच येणार नाही, आणि गेम ते सांगतही नाही. किंग्ज क्वेस्ट ५ (१९९०) हे याचं पाठ्यपुस्तकच. एक मांजर उंदराचा पाठलाग करताना दिसतं. ते दृश्य एकदाच येतं. त्या काही सेकंदांत मांजराला बूट किंवा काठी फेकून मारली नाही, तर बऱ्याच वेळानं तुम्ही धर्मशाळेच्या तळघरात दोरीनं बांधलेले असताना दोरी कुरतडायला उंदीर येत नाही. संपलं. तसंच कस्टर्डच्या पायचं (‘पाय’ म्हणजे भट्टीत भाजलेला गोड पदार्थ). डोंगरात भूक लागते, पाय जवळ आहे, खाल्ला. मग पुढे हिममानवापुढे हात रिकामे. खरं तर मटणाची तंगडी अर्धी खायची असते आणि उरलेली अर्धी गरुडाला द्यायची असते.

लुकासआर्ट्सच्या रॉन गिल्बर्टनं १९८९मध्ये एक लेख लिहून नेमक्या याच गोष्टींवर हल्ला चढवला आणि १९९०च्या पहिल्या मंकी आयलंडमध्ये तत्त्व अमलात आणलं : मरण नाही, अडकणं नाही. नायक पाण्याखाली दहा मिनिटं श्वास रोखू शकतो. तुम्ही खरोखर दहा मिनिटं नुसते बसून राहिलात तरच मरतो. म्हणून नवख्यांनी १९९०नंतरच्या लुकासआर्ट्सपासून सुरुवात करावी आणि सिएराकडे नंतर, तयारीनिशी जावं.

तयारी म्हणजे सेव्ह करण्याची शिस्त. सिएराच्या गेममध्ये एकाच जागेवर वरचेवर सेव्ह करणं हा आत्मघात आहे. नव्या भागात पाऊल टाकण्याआधी दरवेळी वेगळा सेव्ह करा आणि त्याला झोळीतल्या वस्तूंवरून नाव द्या, ‘वाळवंट, बूट मिळाला’ असं. एका गेमला पंधरा-वीस सेव्ह सहज होतात. वस्तू वापरून संपवण्याआधी, विशेषतः खाण्याआधी, सेव्ह कराच. वाट बंद झालीय अशी शंका आली तर उत्तर शोधू नका. ‘या टप्प्याला माझ्याकडे काय काय असायला हवं’ एवढीच यादी पाहा आणि ताळा करा.

आता चालवायचे कसे. जुनी सीडी सापडली म्हणून ती थेट चालवू पाहणं व्यर्थ आहे. विंडोज ९५च्या काळातल्या अनेक गेमांचे इन्स्टॉलर १६-बिटचे होते आणि आजचं ६४-बिट विंडोज ते उघडतच नाही. गेम खराब झालेला नसतो, फक्त त्याचं दार बंद असतं. स्कमव्हीएम हा २००१पासून विकसित होत असलेला मोफत प्रोग्राम इथे कामाला येतो. तो जुना संगणक उभा करत नाही, गेमचं इंजिनच नव्यानं चालवतो आणि तुमच्या गेममधून फक्त चित्रं, आवाज, संवाद यांच्या फायली वाचतो. त्यामुळे इन्स्टॉलरची गरजच पडत नाही. लुकासआर्ट्स आणि सिएराचे बहुतेक गेम, मिस्ट, रिव्हन, ब्रोकन स्वॉर्ड हे सगळे त्यावर चालतात, तेही साध्या लॅपटॉपवर किंवा अँड्रॉइड फोनवर.

कृती सोपी आहे. सीडीवरचा किंवा जीओजीसारख्या दुकानातून घेतलेला गेमचा फोल्डर डिस्कवर उतरवा. स्कमव्हीएममध्ये ‘अ‍ॅड गेम’ दाबून तो फोल्डर दाखवा. ‘गेम सापडला नाही’ असं आलं तर दहातल्या नऊ वेळा तुम्ही एक पायरी वरचा फोल्डर दाखवलेला असतो. डेटाच्या फायली जिथे प्रत्यक्ष आहेत तोच निवडायचा. फोनवर झिप फाइल आधी उलगडून घ्या. रिव्हन मूळ पाच सीडींवर होता. पाचही सीडींवरच्या डेटा फायली एकाच फोल्डरात ठेवल्या नाहीत तर बेट बदलताना गाडी अडते.

गेम जोडला की लगेच तीन सेटिंग बदला. पहिलं, आस्पेक्ट रेशो करेक्शन चालू करा. ३२० बाय २००चं चित्र त्या काळी ४:३च्या पडद्यावर उभं ताणलं जायचं, म्हणजे प्रत्येक पिक्सेल रुंदीच्या १.२ पट उंच दिसायचा. चित्रकारांनी हे धरूनच चित्रं काढली होती. सेटिंग बंद असेल तर माणसं बुटकी आणि चंद्र चपटा दिसतो. १०८० ओळींच्या पडद्यावर चित्र १४४० बाय १०८० होतं, म्हणजे आडवं साडेचार पट आणि उभं ५.४ पट. पूर्ण पट नसल्यामुळे काही पिक्सेल जाड, काही बारीक दिसतात. ते खुपत असेल तर सौम्य फिल्टर लावा किंवा खिडकी थोडी लहान ठेवा. दुसरं, संवाद ऐकू येणाऱ्या गेममध्ये आवाज आणि अक्षरं दोन्ही चालू ठेवा. १९९३च्या ध्वनिमुद्रणात उच्चार नेहमी स्पष्ट नसतात आणि इशारा बरेचदा एका शब्दात असतो. तिसरं, संगीत. १९८८नंतरचे बरेच गेम रोलंड एमटी-३२ या यंत्रासाठी संगीतबद्ध झाले. त्याची नक्कल स्कमव्हीएममध्ये आहे, पण तिला लागणाऱ्या रॉम फायली (मूळ यंत्रातला प्रोग्राम) मोफत मिळत नाहीत. त्या नसतील तर अ‍ॅडलिब, म्हणजे त्या काळच्या साध्या साउंड कार्डाचा पर्याय, निवडा. त्या संगीताला भलत्याच मिडी यंत्रावर वाजवलं तर बासरीच्या जागी घंटा वाजेल.

स्कमव्हीएमचा स्वतःचा मेनू कंट्रोल-एफ५ने उघडतो. नुसतं एफ५ दाबलं तर लुकासआर्ट्सच्या गेमांत गेमचा मेनू येतो. एवढं लक्षात ठेवलं तर सेव्ह हरवल्याची निम्मी रड संपते.

जे गेम स्कमव्हीएमवर नाहीत ते डॉसबॉक्सवर, म्हणजे जुन्या डॉस संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर. तिथली नेहमीची अडचण वेगाची. काही गेमांनी वेळ मोजायला संगणकाचाच वेग धरला होता. आज पात्रं वाऱ्यासारखी पळतात किंवा एखादं वेळेचं कोडं सुटतच नाही. कंट्रोल-एफ११ने वेग उतरवा, कंट्रोल-एफ१२ने चढवा, आणि माऊस अडकला तर कंट्रोल-एफ१०. १९९८च्या ग्रिम फँडँगोमध्ये लिफ्ट आणि फोर्कलिफ्टचं एक कोडं वेगवान संगणकावर असंच अडायचं, त्यासाठी कंपनीला दुरुस्ती काढावी लागली. त्या गेमची २०१५ची रिमास्टर, म्हणजे नव्यानं सुधारलेली, आवृत्तीच घ्या. तिच्यात माऊसनं चालता येतं. मूळ गेममध्ये पात्राला रणगाड्यासारखं वळवत न्यावं लागतं आणि त्यात कसलीही मजा नाही.

पण रिमास्टर नेहमीच बरं, असं नाही. पहिल्या मंकी आयलंडच्या २००९च्या विशेष आवृत्तीत नवी चित्रं आणि आवाज आहेत, पण उघड, ढकल, उचल ही क्रियापदं मेनूत लपवल्यामुळे साधी गोष्ट करायला दोन-तीन क्लिक जास्त लागतात. एफ१० दाबून जुन्या रूपात जा, तिथे सगळी क्रियापदं समोर मांडलेली असतात. आवाज मात्र तिथे जातो. दुसऱ्या भागाच्या २०१०च्या आवृत्तीत जुन्या चित्रांसोबत नवा आवाज ठेवता येतो, ती सोय चांगली. लूम (१९९०, ब्रायन मोरियार्टी) याबाबत सर्वांत फसवा. त्याची नंतरची २५६ रंगांची, बोलणारी सीडी आवृत्ती वरवर श्रीमंत दिसते, पण तिच्यात संवाद छाटलेले आहेत. मूळ १६ रंगांची आवृत्ती कथेच्या दृष्टीनं पूर्ण. लूममध्ये झोळी नाही, क्रियापदं नाहीत. चार-चार सुरांचे मंत्र कानांनी ओळखून काठीवर वाजवायचे. बरेचसे मंत्र उलटे वाजवले की परिणामही उलटा होतो. तीन-चार तासांत संपतो. दर नव्या खेळात सूर बदलतात, म्हणून दुसऱ्याच्या वहीतून उतरवून काही उपयोग नाही.

गेमसोबत आलेली पुस्तिका टाकून देऊ नका. विकत घेतलेल्या डिजिटल आवृत्तीत ती बहुधा पीडीएफ स्वरूपात असते. पुस्तिका हा तेव्हा नकलेविरुद्धचा कुलूप-किल्लीचा प्रकार होता. किंग्ज क्वेस्ट ६ (१९९२) मध्ये तर्काचे कडे नावाची चढण आहे. तिथली उत्तरं फक्त सोबतच्या प्रवासपुस्तिकेत आहेत, गेममध्ये शोधून सापडणार नाहीत. आमच्या कसोटीनं हे बाहेरचं उत्तर, पण पुस्तिका मांडीवर असेल तर ते आतलं होतं. लूमसोबतची मंत्रांची पुस्तिकाही अशीच आधी उघडून ठेवा.

मिस्टवर जरा थांबू, कारण विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात तोच असतो. सप्टेंबर १९९३मध्ये तो आधी मॅकिंटॉशवर आला. रँड आणि रॉबिन मिलर हे भाऊ, त्यांची सायन ही कंपनी. सुमारे अडीच हजार स्थिर चित्रं एकमेकांना जोडून बनलेलं निर्मनुष्य बेट. झोळी नाही, मरण नाही, कुणी बोलून सांगत नाही. २००२पर्यंत पीसीवरचा सर्वाधिक विकला गेलेला गेम हाच होता. मूळ चित्राची चौकट फक्त ५४४ बाय ३३३ पिक्सेलची आहे. पूर्ण पडद्यावर ताणलीत तर ती धुरकट होते आणि बारीक खुणा वाचता येत नाहीत. अर्ध्या पडद्याच्या खिडकीत खेळा, खोलीत अंधार करा.

मिस्टमध्ये लोक दोन ठिकाणी गेम सोडतात. एक म्हणजे सुरांचं कोडं : पुस्तकात दिलेल्या पट्ट्या एका वाद्यावर वाजवायच्या आणि तेच पाच सूर दुसऱ्या जागी सरकत्या दांड्यांवर जुळवायचे. पेटी वाजवणाऱ्याला दोन मिनिटं लागतात, सुरांचा कान नसलेल्याला दोन तास. गाणाऱ्यांकडे मोबाईलवर सूर दाखवणारं ट्यूनर अ‍ॅप असतं ते जवळ ठेवा, प्रत्येक सुराचं नाव लिहा आणि दांडी तिथवर आणा. यात फसवणूक काही नाही, कोडं ओळखण्याचं आहे, गळ्याचं नाही. दुसरं ठिकाण म्हणजे हे कोडं सोडवून जिथे पोचता त्या युगातला (मिस्टमध्ये ‘युग’ म्हणजे बेटावरून जायचं वेगळं जग) भुयारी चक्रव्यूह. दर वळणावर एक आवाज होतो आणि लोक तो दुर्लक्षून सगळा नकाशा काढत बसतात. त्या आवाजांना दिशा आहेत, आणि कुठला आवाज कुठल्या दिशेचा हे यांत्रिक युगात, फिरता किल्ला हाताळताना शिकवलेलं असतं. गेम कुठलंही युग आधी करू देतो, हाच सापळा. आधी यांत्रिक युग उरकून मग इकडे या.

रिव्हन (१९९७) हा त्याचा पुढचा भाग आणि माझ्या मते या सगळ्या प्रकाराचं शिखर. तिथे सुटी कोडी जवळपास नाहीतच. एका समाजाची मोजणी, प्राणी, पूजा, कारखाने समजून घेणं हेच कोडं. लहान मुलांच्या शाळेतल्या एका खेळण्यावरून तिथले आकडे शिकावे लागतात. पद्धत पंचवीसवर आधारलेली. चौकोनातलं एकचं चिन्ह काटकोनात फिरवलं की त्याचे पाच होतात, दोनाचे दहा. हे कळलं की सगळ्या बेटावरच्या खुणा अचानक वाचता येऊ लागतात, आणि असा आनंद आजच्या गेममध्येही विरळाच. मदतीशिवाय पंधरा-वीस तास धरा.

इथे आवृत्तीचा मोठा खड्डा आहे. मिस्टची २०२१ची आणि रिव्हनची जून २०२४ची आवृत्ती संपूर्ण नव्यानं, मुक्तपणे फिरता येईल अशी बांधलेली आहे. दोन्ही सुंदर, पण वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर अडखळतील. तुमच्यासाठी स्कमव्हीएमवरची मूळ आवृत्तीच बरी. शिवाय नव्या मिस्टमध्ये कोड्यांचे आकडे बदलून टाकायची सोय आहे आणि नव्या रिव्हनमध्ये काही कोडी मुळातच वेगळी आहेत. जुन्या आवृत्तीची मदत वाचत नवा गेम खेळणारे तासन्‌तास चुकीचा कोड फिरवत बसतात. मदत उघडण्याआधी ती कुठल्या सालच्या आवृत्तीची आहे ते बघा.

वही लागतेच. चौकटीची, शंभर पानी. डाव्या पानावर नकाशा, उजव्या पानावर दिसलेलं पण न उमगलेलं सगळं : बंद दारं, चिन्हं, आकडे, रंगांचे क्रम. सुटलेल्यावर काट मारा, खोडू नका. मिस्टसारख्या गेममध्ये तीच खूण दुसऱ्यांदा लागते. मोबाईलनं फोटो काढणं सोपं वाटतं, पण दोनशे फोटोंत संबंध दिसत नाही, एका पानावर दिसतो. ध्वनीचं वर्णन शब्दांत लिहा, ‘टिंग, मग घर्र’ असं हास्यास्पद वाटलं तरी.

अडल्यावर काय? तेव्हाचे गेम लांब वाटायचे याचं एक कारण अडून राहणं हेच होतं. एक महागडा गेम महिनोन्‌महिने पुरवायचा असे, आणि कंपन्या उत्तरांच्या पुस्तिका वेगळ्या विकत. तो वेळ आज तुमच्याकडे नाही आणि तो घालवण्यात शौर्यही नाही. अर्धा तास काहीच हललं नाही तर आधी सगळ्या मोकळ्या जागांतून एक फेरी मारा आणि पडद्याच्या कडाही तपासा, कारण जुन्या चित्रांत पाच-सहा पिक्सेलची किल्ली सहज नजरेतून सुटते. मग बंद करून झोपा. सकाळी सुचणं हे या प्रकारात फार घडतं. तरीही अडलात तर सलग उत्तरं देणारं वॉकथ्रू उघडू नका, कारण डोळा पुढच्या चार कोड्यांवर जातोच. यूएचएस म्हणजे युनिव्हर्सल हिंट सिस्टिम वापरा. तिथे एका प्रश्नाखाली एकेक इशारा उघडतो. पहिला नुसता दिशा दाखवतो, शेवटचा उत्तर देतो. एक उघडा, पुन्हा खेळा.

इशारा वाचून ‘हे मला दिसायला हवं होतं’ वाटलं तर कोडं चांगलं होतं, पुढचं स्वतः सोडवा. ‘हे कुणाला कसं सुचणार’ असं एकाच गेममध्ये लागोपाठ तीनदा झालं तर गेम बदला.

एक सूचना ब्रोकन स्वॉर्डबद्दल (१९९६, रेव्होल्यूशन सॉफ्टवेअर). पॅरिसपासून सुरू होणारा हा गेम बहुतेक ठिकाणी तुमची वाट बघतो, घाई नाही. पण आयर्लंडमधल्या एका बोकडापाशी अचानक वेळेचं कोडं येतं : तो धडक देतो, पडल्यापडल्या लगेच शेजारच्या अवजाराकडे धावायचं. गेमनं आधी कधीच घाई शिकवलेली नाही, म्हणून लोक वस्तू जोडत बसतात. हे आधी सांगितल्यानं काही बिघडत नाही.

टाइप करून खेळायचे मजकुरी गेम, झॉर्क वगैरे, फ्रॉट्झ या प्रोग्रामवर फोनवरही चालतात. पण ते आधी नकोत. इंग्रजी क्रियापदांशी झटापट करण्यात पहिले दोन तास जातात. कधी खेळलातच तर भुलभुलैयातल्या एकसारख्या खोल्यांत एकेक वस्तू टाकत जा, खोल्या ओळखू येतात. आणि उत्तरेला जाऊन दक्षिणेला परतलात तर त्याच खोलीत याल असं धरू नका.

आता तुमच्या घरासाठी क्रम. पैसे न घालता चव घ्यायची तर बिनीथ अ स्टील स्काय (१९९४). तो २००३पासून अधिकृतपणे मोफत आहे आणि स्कमव्हीएमच्या साइटवरूनच मिळतो. त्यात थोडं रक्त आहे, म्हणून तो तुम्ही एकट्यानं. मुलीसोबत पहिला गेम मशिनेरियम (२००९). जुन्यांत तो तरुण, पण त्यात संवादाचा एक शब्दही नाही, सगळं चित्रांच्या फुग्यांतून, त्यामुळे इंग्रजी आड येत नाही. शिवाय मदतीचं पुस्तक गेमच्याच आत आहे आणि ते उघडायला एक छोटा खेळ खेळावा लागतो. उगाच उघडलं जात नाही. मग लूम, मग डे ऑफ द टेंटकल. मंकी आयलंडमधली तलवारबाजी शब्दांची आहे, टोमण्याला नेमका उलटटोमणा. सवाल-जवाबाची आवड असलेल्याला ती भावेल, पण इंग्रजी श्लेष समजावून सांगायला मोठं माणूस शेजारी हवं. गॅब्रिएल नाइट मुलीसमोर नको, त्यात हिंसा आणि खून आहेत.

मिस्ट दोघांनी मिळून खेळा : एकाच्या हातात माऊस, दुसऱ्याच्या हातात वही, आणि दर अर्ध्या तासानं अदलाबदल. वहीवाल्यालाच उत्तर आधी सुचतं, त्यामुळे पहिल्या दिवशी वही तिच्याकडे द्या.